शिज्याच्वांग : वाटेवरचें एक दुर्लक्षित नगर

चीन देशाची यात्रा करून आलेले गृहस्थ दिवाणखान्यांत बसून जें वर्णन करितात, तें बहुधा ठराविक असतें. बीजिंगचा राजवाडा, उत्तरेकडील प्रचंड भिंत, शीआनचें मृण्मय सैन्य आणि शांघायच्या गगनचुंबी इमारती, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या कीं चीन पाहून झाला, अशी एक समजूत रूढ आहे. यांत प्रवाशांचा फारसा दोष नाहीं. सुटी मोजकी, पैसा मोजका, आणि प्रवासी कंपनीचा कार्यक्रम घड्याळाच्या कांट्यावर बांधलेला! परंतु आग्र्याचा ताजमहाल आणि जयपूरचा हवामहाल पाहून ज्याप्रमाणें हिंदुस्थान समजत नाहीं, त्यासाठीं सोलापूर, मनमाड, इचलकरंजी अशीं कष्टाळू गांवेंही पाहावीं लागतात, त्याचप्रमाणें चीनचेंही आहे. म्हणूनच, ज्या नगराचें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलेंही नसेल, अशा एका कारखानदारीच्या नगराची हकीकत आज सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या नगराचें नांव शिज्याच्वांग. बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारें २८० किलोमीटरांवर तें वसलें असून हपै प्रांताची राजधानी आहे. वेगवान आगगाडीनें बीजिंगहून तेथें पोहोंचण्यास सव्वा ते दीड तास पुरतो. गाड्या या स्थानकावरून अहोरात्र धांवतात. दक्षिणेकडे जाणारे लक्षावधि प्रवासी खिडकींतून तें नगर पाहतात, आणि पुढें जातात. आमचे पुतणे नोकरीनिमित्त बीजिंग येथें असतात. आम्ही हें नांव काढतांच ते हंसून म्हणाले, "काका, तिथें पाहण्यासारखें काय आहे? कारखाने आणि धूर!" परंतु आमच्या मंडळींचें माहेर सोलापूरचें असल्यामुळें आम्हांस तेथें जाण्याचें एक खास कारण होतें, तें यथाक्रम सांगूं. अखेर चैत्राच्या आरंभीं आम्ही उभयतां, पुतणे, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू असे पांच जण निघालों, आणि तीन दिवस तेथें राहून आलों.

प्रथम नांवाचा विचार करूं. 'शी' हें आडनांव, आणि त्या अक्षराचा अर्थ दगड. 'ज्या' म्हणजे कुटुंब, 'च्वांग' म्हणजे वाडी. तेव्हां शिज्याच्वांग म्हणजे शी घराण्याची वाडी. आपल्याकडील भाषेंत बोलावयाचें तर 'दगडेवाडी'! एक कोटीहून अधिक वस्तीच्या जिल्ह्याच्या राजधानीस असें खेडवळ नांव असावें, याचें नवल वाटतें. परंतु तें नांव अगदीं यथार्थ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं ही खरोखरच कांहींशें वस्तीची एक वाडी होती. बीजिंगहून हांकौकडे जाणारा लोहमार्ग या वाडीजवळून गेला, आणि त्यापाठोपाठ पश्चिमेकडील कोळशाच्या मुलखांतून, म्हणजे थाय-य्वेनहून, दुसरा मार्ग फ्रेंच कंपनीनें आणला. तो १९०७ मध्यें पुरा झाला. हा दुसरा मार्ग खरें पाहतां जेंगडिंग या पुरातन शहरीं जाऊन मिळावयाचा होता. परंतु मध्यें हूतुओ नदी आडवी येते, आणि तिजवर पूल बांधण्याचा खर्च वांचवावा म्हणून तो नदीच्या अलीकडेच, या वाडीपाशीं थांबविण्यांत आला.

आतां मौज अशी कीं, पहिला मार्ग रुंद रुळांचा आणि दुसरा अरुंद रुळांचा. त्यामुळें खाणींतून येणारा प्रत्येक कोळशाचा डबा येथें रिकामा करून माल दुसऱ्या गाडींत भरावा लागे. मिरज स्थानकावर पूर्वीं रुंद व अरुंद रूळ एकत्र येत आणि तेथें हमालांची व वखारींची गर्दी उसळे, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या गोष्टीचें मर्म तत्काळ कळेल. हमाल आले, हमालांमागून खानावळी आल्या, मग वखारी, दुरुस्तीचे कारखाने, पेढ्या. एका नदीवरचा पूल टळला, त्यामुळें एक राजधानी जन्मास आली! आणि नदीपलीकडील जेंगडिंग, जें शतकानुशतकें या भागाचें मुख्य ठाणें होतें, तें मागें पडलें. इतिहासाचीं चाकें कधीं कधीं अशा क्षुल्लक रुळांवरून फिरतात.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९४७ च्या नोव्हेंबरांत यादवी युद्धांत कम्युनिस्ट सैन्यानें हें शहर जिंकलें. १९५० नंतरच्या दशकांत पंचवार्षिक योजनेखालीं येथें सुती कापडाच्या गिरण्यांची रांगच्या रांग उभी राहिली. १९५८ मध्यें येथील प्रचंड औषधी कारखान्यांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. आणि १९६८ मध्यें प्रांताची राजधानी येथें आली. कापूस, औषधें आणि पोलाद या तीन खांबांवर हें नगर उभें राहिलें. त्याचबरोबर कारखानदारीचें पापही त्याच्या पदरीं आलें. २००८ मध्यें दुधाच्या भुकटींत रासायनिक द्रव्याची भेसळ होऊन जीं असंख्य तान्हीं मुलें आजारी पडलीं, त्या प्रकरणांतील मुख्य दूधकंपनी याच नगराची होती. २०१३ च्या सुमारास चीनमधील अत्यंत दूषित हवेच्या शहरांत याची गणना होत असे. त्यानंतर कारखाने शहराबाहेर हलविण्यास वेग आला. शहरांतील पोलादाचा मोठा कारखाना २०२० मध्यें दूर नेण्यांत आला. आम्ही गेलों त्या तिन्ही दिवशीं आकाश फिकट निळें होतें. तथापि हिवाळ्यांत जाण्याचा सल्ला आम्ही कोणास देणार नाहीं.

नगरांत पाहण्यासारखें काय, असें कोणी पुसेल तर मध्यभागीं जुन्या रेल्वेच्या आसपास पायीं फिरावें, असें आम्ही सांगूं. तेथें 'मोठा दगडी पूल' या नांवाचा एक जुना पूल आहे. रेल्वेमार्ग ओलांडतांना माणसें गाडीखालीं सांपडत. कंपनी कांहीं करीना. तेव्हां मजुरांनीं प्रत्येकीं एक दिवसाची मजुरी देऊन १९०७ च्या सुमारास हा पूल उभारला, असें तेथें सांगतात. आज त्याखालून गाडी जात नाहीं. स्थानक हललें, रूळही गेले. पूल मात्र जतन केलेला आहे. राजांनीं बांधलेले पूल आम्हीं पुष्कळ पाहिले. हमालांनीं वर्गणी काढून बांधलेला हा पहिलाच! नातवानें पुलाच्या कमानी मोजण्याचा सपाटा लाविला, आणि त्याच्या मोजणीशीं आमची मोजणी जुळेना, म्हणून दोनदां फेरी करावी लागली.

सकाळच्या प्रहरीं उद्यानांतून जावें, म्हणजे या नगराचा स्वभाव कळतो. निवृत्त झालेले स्त्रीपुरुष शेंकड्यांनीं जमतात. कोणी संथ हालचालींचा व्यायाम करितात, कोणी सामुदायिक नृत्य करितात, कोणी पिंजऱ्यांतील पक्षी झाडास टांगून गप्पा मारितात. आम्हांस सर्वांत आवडले ते अक्षरें लिहिणारे वृद्ध. हातांत झाडूएवढा लांब कुंचला, शेजारीं पाण्याची बादली. कुंचला पाण्यांत बुडवून ते फरशीवर सुंदर चिनी अक्षरें काढितात. शेवटची ओळ पुरी होते न होते तों पहिली ओळ उन्हानें वाळून नाहींशी होते. आम्हीं आपलें आयुष्य फळ्यावर लिहिण्यांत घालविलें. परंतु लिहिलेलें पुसलें जाण्याचा खेद न बाळगतां लिहिण्याचा हा आनंद पाहून त्या वृद्धांस आम्हीं मनोमन नमस्कार केला. एकानें आमच्या हातीं कुंचला दिला. आम्हीं देवनागरींत 'नमस्ते' असें लिहिलें. भोंवतालच्या मंडळींस ती शिरोरेखा फार आवडली; परंतु चैत्राच्या उन्हानें त्या शब्दावरही दया केली नाहीं.

दुसरे दिवशीं जेंगडिंगला गेलों. शिज्याच्वांगपासून तें सुमारें १५ किलोमीटर, हूतुओ नदीच्या पलीकडे. ज्या शहरास रेल्वेनें मागें टाकलें, त्यास जणूं त्याची भरपाई म्हणूनच आपलीं जुनीं देवालयें राखतां आलीं. येथील लुंगशिंग विहाराची स्थापना इसवी सन ५८६ मधली. त्या वर्षाचा कोरीव शिलालेख अद्यापि विहारांत उभा असून चिनी अक्षरलेखनाच्या अभ्यासकांस तो वंदनीय आहे. संस्कृत जाणणाऱ्या मनुष्यास तर जेंगडिंग म्हणजे आपल्याच भाषेचा परदेशीं गेलेला गोतावळा भेटल्यासारखें होतें. विहाराच्या मुख्य मंदिराचें नांव 'मोनी' मंदिर. हा आपला 'मणि' शब्द. दुसऱ्या एका विहारांतील चौकोनी स्तूपाचें नांव 'शूमी'. हा आपला 'सुमेरु'. आणि ज्या 'छान' पंथाची एक मोठी शाखा नवव्या शतकांत येथील लिनजी नांवाच्या आचार्यापासून निघून पुढें जपानांत पोहोंचली, तो 'छान' म्हणजे आपलें 'ध्यान'. शब्द हे मोठे प्रवासी खरे; त्यांस ना परवाना लागतो, ना सामानसुमान.

मोनी मंदिर १०५२ मध्यें बांधलेलें आहे. आमच्या ठाणें जिल्ह्यांतील अंबरनाथचें शिवालय १०६० चें. म्हणजे हीं दोन्ही मंदिरें समवयस्क होत. एक दगडांत, दुसरें लाकडांत. चारी दिशांस चार पडव्या काढल्यामुळें त्याचा आराखडा अधिक चिन्हासारखा झाला आहे, आणि एकावर एक चढलेलीं छपरें पाहतांना पंख पसरून बसलेल्या पक्ष्याचा भास होतो. १९३३ मध्यें लियांग सी-छंग या विख्यात चिनी वास्तुशास्त्रज्ञानें याचा अभ्यास केला, तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष तिकडे गेलें. मंदिराच्या मागील बाजूस रंगीत मातीच्या डोंगरांत बसलेली ग्वान-यिनची मूर्ति आहे. एक पाय खालीं सोडलेला, दुसरा गुडघ्यांत मुडपलेला, हात सैलपणें गुडघ्यावर ठेविलेले. आणि मुखावर असा प्रसन्न भाव कीं, एखादी घरची वडील बहीण कामें आटोपून ओसरीवर घटकाभर टेकली आहे. प्रसिद्ध लेखक लू शून यांनीं या मूर्तीचें छायाचित्र आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेविलें होतें.

ही ग्वान-यिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत हातीं कमळ धरून जो पद्मपाणि उभा आहे, तोच चीनमध्यें जाऊन हळूहळू देवी झाला. विहाराच्या शेवटच्या उंच मंदिरांत त्याच देवीची ब्राँझची उभी मूर्ति आहे. सुंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या आज्ञेनें ९७१ मध्यें तिचें काम सुरू झालें. उंची २१ मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें ७० फूट. तिला सहस्रभुजा म्हणतात, परंतु हात मोजले तर ४२ भरतात. नातवानें हिशेबाची ही चूक लगेच दाखविली! त्यांतील युक्ति अशी कीं, जोडलेले दोन हात वगळून उरलेल्या ४० हातांपैकीं प्रत्येक हात २५ लोकांतील जीवांचें रक्षण करितो. ४० गुणिले २५, झाले १०००. पावकी-निमकीच्या काळांत वाढलेल्या आम्हांस देवाचा हा हिशेब फार पटला. बाजूचे मूळचे ब्राँझचे हात नष्ट झाल्यामुळें आतां तेथें लाकडी हात बसविलेले आहेत. शेजारच्या मंदिरांत ग्रंथ ठेवण्याचें एक अष्टकोनी फिरतें लाकडी कपाट आहे. तें एकदां फिरविलें कीं सर्व ग्रंथांचें पारायण केल्याचें पुण्य लागतें अशी श्रद्धा. परीक्षेच्या आदल्या रात्रीं असें कपाट मिळावें, अशी प्रार्थना करणारे विद्यार्थी आम्हांस पुष्कळ आठवले.

तिसरे दिवशीं सकाळीं आग्नेयेस सुमारें ४० किलोमीटरांवरील जाओ परगण्यांत गेलों. या भागांत नासपतीच्या बागा कोसच्या कोस पसरल्या आहेत. चैत्रांत त्यांस पांढराशुभ्र बहर येतो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस जणूं अळणी ताकाचा पूर आला आहे असें वाटतें. ही उपमा आमच्या मंडळींची. येथील 'जाओजौ पूल' हा या सर्व प्रवासाचा मुकुटमणि होय. शियाओ नदीवरचा हा दगडी पूल इसवी सन ५९५ ते ६०५ च्या दरम्यान ली छुन नांवाच्या कारागिरानें बांधला. आपल्याकडे दुसरा पुलकेशी बदामीच्या सिंहासनावर बसला, त्याच्याही आधींचें हें काम.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्या काळीं कमान म्हटली कीं ती अर्धवर्तुळाची. परंतु ३७ मीटर रुंदीच्या प्रवाहावर अर्धवर्तुळ उभारलें असतें, तर पूल डोंगरासारखा उंच झाला असता आणि बैलगाड्यांस चढणें अशक्य झालें असतें. ली छुननें वर्तुळाचा लहानसा भागच घेतला. त्यामुळें कमानीची उंची अवघी सात मीटरांच्या आसपास राहिली आणि रस्ता जवळजवळ सपाट झाला. शिवाय मोठ्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर त्यानें दोन दोन लहान कमानी ठेविल्या. त्यामुळें दगड वांचला, पुलाचें ओझें घटलें, आणि पूर आला असतां पाण्यास वाट मिळाली. मुख्य कमान २८ समांतर पट्ट्यांची मिळून झालेली आहे. त्यांतील एखादी बिघडली तरी बाकीच्या भार पेलतात. १९६६ चा भयंकर भूकंप याच भागांत झाला. पूल ढळला नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत त्याचे पुष्कळ दगड बदलण्यांत आले, हेंही सांगितलें पाहिजे. १९९१ मध्यें अमेरिकेंतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनें त्यास आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान दिला.

आमच्या मनांत घर करून राहिली ती गोष्ट मात्र निराळी. प्राचीन काळीं इमारतींवर नांव कोरलें जाई तें राजाचें. ली छुनचें नांव आज जग जाणतें, तें तांग घराण्याच्या काळांतील एका अधिकाऱ्यानें आपल्या लेखांत त्या कारागिराचें नांव आवर्जून नमूद केलें म्हणून. चिनी शालेय पुस्तकांत या पुलावर धडा आहे, आणि मुलांस तेथें कारागिराचें नांव शिकावें लागतें. आमच्या कैलास लेण्याचा स्थपति कोण, हें एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें असतां आम्ही वर्गांत काय उत्तर देत होतों? राजाचें नांव सांगत होतों.

याच गांवांत बायलिन विहार आहे. नवव्या शतकांत येथें राहणाऱ्या वृद्ध आचार्याची कथा प्रसिद्ध आहे : नवा येवो वा जुना येवो, कोणी कसलाही प्रश्न विचारो, आचार्य म्हणे, आधीं चहा घ्या! ज्ञानाचा हा मार्ग महाराष्ट्रीय घरांत समजावून सांगण्याची गरज नाहीं. ह्युएनत्संग हा यात्रेकरू हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं अध्ययनासाठीं या जाओजौ गांवीं राहिला होता, असें त्याच्या चरित्रांत आहे. पुढें सातव्या शतकांत तोच आमच्या महाराष्ट्रांत आला, आणि येथील लोकांचा मानी स्वभाव त्यानें लिहून ठेविला. म्हणजे जाओजौ आणि महाराष्ट्र यांची ओळख चौदाशें वर्षांची आहे.

आतां ज्या कारणासाठीं आम्ही मुख्यतः गेलों होतों, त्याकडे वळूं. शिज्याच्वांग शहराच्या पश्चिम भागांत, मोठ्या रस्त्याला लागून, उत्तर चीनच्या हुतात्म्यांचें स्मशानोद्यान आहे. तेथें सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चिरनिद्रा घेत आहेत.

त्यांचा जन्म सोलापूर येथें १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकले. १९३८ मध्यें जपानी आक्रमणानें घायाळ झालेल्या चीनच्या मदतीस काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें : अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. सप्टेंबर १९३८ मध्यें मुंबईच्या बंदरांतून त्यांची बोट निघाली. पांचांनींही आपल्या चिनी नांवांच्या अंतीं 'ह्वा', म्हणजे चीन, हें अक्षर जोडून घेतलें. कोटणीस झाले 'कं दी-ह्वा'. चीनमध्यें असतांनाच वडील निवर्तल्याची वार्ता आली, तरी ते परतले नाहींत. बाकीचे चौघे यथावकाश स्वदेशीं आले; कोटणीस मात्र हपै आणि शान्सीच्या डोंगरांतील युद्धभूमीवर गेले. कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून शस्त्रक्रिया करितांना झालेल्या जखमेचें विष भिनून १९३९ मध्यें वारले होते. त्यांच्या नांवानें चालविलेल्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्यें प्रमुख झाले. ते चिनी बोलूं, लिहूं व शिकवूं लागले. शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं पुस्तकही लिहावयास घेतलें. ग्वो छिंग-लान या परिचारिका-शिक्षिकेशीं त्यांनीं विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्यें पुत्र झाला. त्याचें नांव 'यिन-ह्वा', म्हणजे भारत आणि चीन. आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं अपस्माराच्या झटक्यानें, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, हपैमधील एका खेड्यांत त्यांनीं देह ठेविला. पुढें त्यांचे अवशेष या उद्यानांत आणण्यांत आले. बेथ्यूनही येथेंच आहेत.

आम्ही गेलों तो काल छिंग-मिंग सणाचा होता. आपल्या पितृपक्षाप्रमाणें या दिवसांत चिनी लोक पूर्वजांच्या समाधी झाडून, स्वच्छ करून, फुलें वाहतात. गळ्यांत लाल रुमाल बांधलेलीं शाळकरी मुलें ओळीनें येत होतीं. कोटणीसांच्या पुतळ्यापुढें फुलांचा ढीग पडला होता. आम्हीं पांढरीं शेवंतीचीं फुलें वाहिलीं. आमच्या मंडळींनीं पदराचें टोंक सांवरून नमस्कार केला. १९६२ चें युद्ध झालें, २०२० मध्यें गलवानच्या खोऱ्यांत रक्त सांडलें. दोन सरकारें एकमेकांकडे पाठ फिरवून बसलीं, असे प्रसंग अनेक आले. परंतु या समाधीवरचीं फुलें त्यामुळें सुकलीं नाहींत.

तेवढ्यांत एक वृद्ध बाई जवळ आल्या. आम्ही कोठून आलों, हें त्यांनीं पुतण्यांस विचारलें. उत्तर ऐकतांच त्यांनीं पुतळ्याकडे बोट केलें आणि अंगठा उंचावला. बोलतां बोलतां कळलें कीं, त्यांनीं येथील कापडाच्या गिरणींत तीस वर्षें काम केलें. गिरणी आतां नाहीं, तेथें उंच उंच बिऱ्हाडें झालीं आहेत. आमच्या मंडळींनीं पुतण्याकरवीं सांगितलें, "आमचें माहेरही गिरण्यांचेंच गांव. डॉक्टर त्याच गांवचे. आमच्याही गिरण्या बंद पडल्या." मग पिशवींतून एक नवा सोलापुरी टॉवेल काढून त्यांनीं बाईंच्या हातीं दिला. बाईंनीं आभार मानण्याच्या आधीं काय केलें असेल? त्यांनीं टॉवेलाची कड उलटून, सूत दोन बोटांत धरून चोळून पाहिलें, आणि पसंतीची मान हलविली. त्या दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. परंतु सुताची भाषा येत होती.

परत येतांना नातवानें विचारलें, "आजोबा, ते डॉक्टर घरीं परत कां नाहीं आले?" आम्हीं म्हटलें, "बाळ, त्यांचें काम संपलें नव्हतें." त्यावर तो म्हणाला, "मग आमच्या पुस्तकांत त्यांचा धडा कां नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दिलें नाहीं, तें आमच्या वाचकांनींच आपापल्या घरीं द्यावें. १९४६ मध्यें व्ही. शांताराम यांनीं 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला, तेव्हां घरोघरीं हें नांव झालें होतें. सोलापुरास त्यांचें स्मारक आहे. तरीही आज दहा तरुणांस विचारलें तर किती जण सांगूं शकतील, याची आम्हांस शंका आहे.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन शब्द. चैत्र-वैशाख किंवा आश्विन-कार्तिक हा काळ उत्तम. तीन दिवस पुरे. एक शहरासाठीं, एक जेंगडिंगसाठीं, एक जाओजौसाठीं. इंग्रजी जाणणारे थोडे, म्हणून चिनी येणारा कोणी सोबत असावा. शाकाहारी मंडळींनीं 'मांस नको, अंडें नको' हें चिनी अक्षरांत कागदावर लिहून जवळ बाळगावें. विहारांच्या आसपास शाकान्न मिळतें. गव्हाच्या शेवया आणि भाजलेल्या पोळ्या तर सर्वत्र असतात. थोडे मेतकूट आणि लोणचें सोबत असल्यास वडील मंडळींची आबाळ होत नाहीं.

नगराची थोरवी कशावरून मोजावी? राजवाड्यांवरून मोजली तर शिज्याच्वांगचा नंबर फार खालीं लागेल. परंतु हमालांनीं बांधलेला पूल जें राखतें, चौदाशें वर्षांपूर्वींच्या पाथरवटाचें नांव ज्याच्या परिसरांतलीं मुलें पाठ करितात, आणि परदेशांतून येऊन आपल्या जखमा बांधणाऱ्या तरुण वैद्याच्या समाधीवर जें वर्षानुवर्षें फुलें वाहतें, तें नगर कृतज्ञ आहे. आणि कृतज्ञता जेथें आहे, त्या स्थळास तीर्थ म्हणण्यास आमची हरकत नाहीं. बीजिंगहून दक्षिणेस जाणारी आगगाडी शिज्याच्वांगला थांबते. महाराष्ट्रीय प्रवाशानें तेथें अवश्य उतरावें.